पाठमोरे मामा

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या चित्राची सुरुवात एका कानापासून झाली. डावा कान. वर लाल पटक्याची कड, खाली बोटभर मान, आणि बाकीचा माणूस एका करवलीच्या गजऱ्यामागं. आतेभावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये मामांचा एवढाच भाग आला होता. मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. ते गेले तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं, की साठीपार धडधाकट जगलेल्या या माणसाचा फोटो म्हणून जगात काही असेल, तर तो हा कान.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मतदार ओळखपत्राचे फोटो काढायला सरकारी माणसं वस्तीवर आली, तेव्हा मामा मेंढरं घेऊन कोकणात उतरले होते. घरी पाटाचं पाणी आलं, ऊस आला, पोरगा ट्रॅक्टर चालवायला लागला, तरी दिवाळी झाली की मामांचा पाय घरात ठरायचा नाही. फोटोवाले दुसऱ्यांदा आले, तेव्हा मामा रांगेत उभे होते म्हणे. नंबर आला आणि हाक आली की मेंढी व्यायला झालीय. गेले ते गेलेच. कोकरू झालं, फोटो राहिला.

आणि साऱ्या भावकीत चित्रकार एकच. मी.

मी तेव्हा बारामतीत चित्रकला शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला होतो, दुसऱ्या वर्षाला. घर काटेवाडीला, त्यामुळं एसटीनं जाऊन-येऊन. खांद्याला झोळी, बोटांना रंग (घरी जाताना मुद्दाम न धुतलेला) आणि हनुवटीवर दाढी. दाढी तेवढ्याच भागात उगवत होती, पण ती कलेसाठी राखलीय असं मी सांगायचो. माणसं काढण्यात मात्र माझी एक अडचण होती. आमच्या वर्गात समोर बसवून काढायला माणूस म्हणजे विद्यालयाचा पहारेकरी. तो स्टुलावर बसला की पाचव्या मिनिटाला झोपायचा. दोन वर्षांत मी झोपलेला माणूस काढण्यात इतका तरबेज झालो, की माझ्या चित्रातली पाणी शेंदणारी बाई झोपलेली असायची, भाजी विकणारा झोपलेला असायचा. एकदा मी कुस्ती काढली. त्यात दोन्ही पैलवान एकमेकांच्या खांद्यावर डुलकी काढत होते.

तर मामांचं वर्ष भरायला दीड महिना उरला असताना आत्या इंदापूरहून आमच्या घरी आली. पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "पोरा, वर्षसराद्धाला भितीवर फोटू पायजे."

"अगं आत्या, पण फोटो आहे कुठं?"

"म्हून तर तुज्याकडं आले. दोन वरसं बारामतीला काय माश्या काढतुयास?"

आई हसली. वडील तर फारच हसले. आत्या मात्र हसली नाही. जेवणं झाल्यावर मला गोठ्याकडं घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आदी डोळं मिटलं की समदा मानूस दिसायचा. आता नुसता पटका दिसतुया. तोंड पुसत चाललंय रं. पार जायच्या आत काढ."

यावर मी काय म्हणायला हवं होतं? की आत्या, मला झोपलेल्या पहारेकऱ्यापलीकडं काही जमत नाही. पण हनुवटीवरची दाढी खाजवत मी म्हणालो, "काढतो. तू काळजीच करू नको."

पुढच्या रविवारी मी कागदाची सुरळी घेऊन इंदापूरला हजर. आत्याची वस्ती गावाबाहेर, हमरस्त्यापासून आत. अंगणात सगळे साक्षीदार जमले होते: आतेभाऊ, त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, आणि मामांचे धाकटे भाऊ तात्या. तात्यांचा जन्म हरकत घेण्यासाठी झाला होता. पाऊस पडला तरी त्यांची हरकत, न पडला तरी हरकत.

मी पेन्सिलीला टोक करून विचारलं, "मामांचं नाक कसं होतं?"

"नाकासारकं," तात्या म्हणाले.

"सरळ होतं," आतेभाऊ म्हणाला.

"कुटलं सरळ? पोपटाचं हुतं. आमच्या समद्या खानदानाचं पोपटाचं हाय."

"बरं, डोळे?"

"एक डोळा जरा बारीक," आत्या म्हणाली.

"त्यो उनात, वैनी. सावलीत दोनी सारकं."

"मिशा?"

मिशांवरून अर्धा तास भांडण झालं. आतेभावाच्या मते मिशा खाली होत्या, तात्यांच्या मते आडव्या. शेवटी आत्यानं निकाल दिला की कोकणात जाताना आडव्या आणि येताना खाली.

त्या दिवशी तयार झालेला माणूस हुबेहूब तहसील कचेरीतल्या एका कारकुनासारखा दिसत होता. दाखला मागितला तर 'उद्या या' म्हणेल असा. तो फाडला. दुसऱ्या रविवारी तात्या माझ्या शेजारी मांडी घालून बसले आणि गालाचं हाड कुठं, भिवया कशा, हे स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून दाखवू लागले. मी काढत गेलो. संध्याकाळी कागद भिंतीला टेकवून आम्ही लांब झालो, तर समोर तात्याच. पोपटाच्या नाकासकट.

तात्यांना ते भयंकर आवडलं. "ह्यो जपून ठेव," म्हणाले. "मी गेल्यावर कामाला यील."

आत्यानं कागद निरखून बघितला. मग माझा हात हातात घेऊन, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "लई झ्याक काढलंयस. पन ह्यो कोन?"

परतीच्या एसटीत मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलो होतो. वाऱ्यासाठी नव्हे, दाढी कुणाला दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. आमचे सर पान खायचे, त्यामुळं मोजकं बोलायचे. त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, परदेशी चित्रांचं, आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं. मला वाटलं, आता राजे, देव, देवदूत. कसलं काय! एक म्हातारी नातवाच्या डोक्यातल्या उवा बघत होती. एक माणूस चपलेला टाके घालत होता. एक बाई अंगण झाडत होती. तिचं तोंड पलीकडं, दिसतच नव्हतं.

"सर, ही कोण माणसं?"

"कुणालाच माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं." सरांनी पान गालात सरकवलं. "ही झाडणारी बघ. ओळखीची वाटते का?"

मी पुस्तक जवळ ओढलं. परदेशी पायघोळ झगा, डोक्याला फडकं, पण कंबरेत एक हात मागं ठेवून वाकायची ती तऱ्हा! ती माझी आई होती. कंबर दुखते म्हणून मागं हात, आणि दुखते हे कुणाला सांगायचं नाही म्हणून झाडणं चालूच.

"माणूस कसा दिसत होता ते तू विचारत बसलास," सर म्हणाले. "तो काय करत होता ते विचारलंस का कुणाला?"

"नाही."

"मग आधी स्टँडवर जाऊन बस. लांबची माणसं ओळखायची, पाठीमागून. तोंड बघायचं नाही. तोंड बघितलंस तर कॉपी."

मी बारामतीच्या एसटी स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. पहिला अर्धा तास नुसत्या टोप्या आणि पिशव्या दिसल्या. मग हळूहळू गंमत सुरू झाली. ही बाई माहेराहून निघालीय, कारण पिशवी जड असूनही ती सावकाश चाललीय. हा गडी पहिल्यांदा बूट घालून आलाय, पाय असा टाकतोय, जणू जमीन तापलीय. आणि हे दोघं आत्ताच भांडलेत, कारण एकाच गाडीची वाट बघताना एक उत्तरेकडं बघतोय, दुसरा दक्षिणेकडं. वर्गात दोन वर्षं जे शरीरशास्त्र मी घोकत होतो, ते सगळं इथं धोतर नेसून हिंडत होतं!

तेवढ्यात पार पलीकडच्या टोकाला एक माणूस दिसला. पाठमोरा, बोटाएवढा. वीस पावलं चालला, पिशवी खाली ठेवली, वाकून चपलेकडं बघितलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली. परत वीस पावलं, परत चप्पल. मी बाकावरून ताडकन उठलो. ते माझे वडील होते! मार्केट यार्डातून निघाले होते. चपलेला काहीसुद्धा झालं नव्हतं. दम लागला होता, आणि तो त्यांना चपलेच्या नावावर खपवायचा होता. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसून जेवलो. ते थकलेत हे मला त्या दिवशी, दोनशे पावलांवरून, त्यांची पाठ बघून कळलं.

मी धावत सुटलो. पिशवी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि ओरडलो, "मला तुम्ही दिसलात!"

वडील घाबरले. "म्हंजी? नापास झालास का काय?"

"नाही हो! पाठीमागून दिसलात!"

"घरात रोज दिसतोय की म्होरनं," ते म्हणाले, आणि कपाळाला हात लावून ताप बघितला. माझ्या.

आम्ही एकाच गाडीत बसलो. वडील काटेवाडीला उतरले. मी उतरलोच नाही. तसाच पुढं इंदापूरला गेलो. धीरच धरवत नव्हता.

दुपारचे चार वाजले असतील. आत्या अंगणात तूर पाखडत होती. तात्या होतेच, हरकतीला कारण शोधत बसले होते. आतेभाऊ ट्रॅक्टर पुसत होता. मी झोळी टाकली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "नाक-डोळे राहू द्यात. मामा काय करताना सगळ्यात जास्त मामा वाटायचे?"

तात्या हरकत घ्यायला सरसावले. पण त्याआधी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. मागच्या दोन रविवारी जिला कुणी काही विचारलं नव्हतं, ती वहिनी.

"कातरताना," ती म्हणाली. "मेंढरं कातरताना. घराकडं पाठ करून बसायचे मामंजी. लोकर घरात उडू नये म्हून."

"व्हय की!" तात्या उठलेच. खुंटीवरची कातर काढली, गोठ्यातून एक मेंढी ओढत आणली, तिचे पाय बांधले आणि अंगणात फतकल मारली. "ह्यो असा बसायचा माझा भाऊ."

"तसं न्हाय तात्या," आतेभाऊ पुढं झाला. "डावा पाय लांब. गुडघा वाकत नव्हता त्यांचा." तो तात्यांच्या शेजारी बसला, डावा पाय लांब करून.

"आन् दर चार हाताला कातरीचं पातं मांडीला पुसायचे," वहिनी म्हणाली आणि पदरानं तोंड दाबून, पण हातानं ते पुसणं दाखवून गेली.

काय सांगू, अंगणात जिकडंतिकडं मामा! एक लांब पायाचा, एक पातं पुसणारा, एक मेंढीला दटावणारा. जी माणसं नाकावरून दोन रविवार भांडली, त्यांच्या हातापायांत मामा तंतोतंत शाबूत होते. मी कोळशानं सपासप काढत सुटलो.

आत्या अजून सूप हातात घेऊन बसली होती. मग तिनं ते बाजूला ठेवलं.

"सरा," ती म्हणाली. "कुनालाच येत न्हाय."

तिनं नऊवारीचा काष्टा सावरला, घराकडं पाठ केली, डावा पाय लांब सोडून बसली. मेंढी आडवी घेतली, तिच्या हनुवटीखाली डावा हात घातला आणि मान थोडी वाकडी करून, जशी काही मेंढी कानात काही सांगतेय, तशी कातर चालवायला लागली. आणि मामा आले. खोटं नाही सांगत. तात्यासुद्धा गप्प झाले, म्हणजे बघा. माझे कागद संपले. मी लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढलं. त्याही संपल्या तेव्हा गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीवर काढलं. तिथं कुणीच हरकत घेतली नाही.

एवढ्यात वहिनीनं चहा आणला आणि आत्याच्या उजव्या हाताशी पेला ठेवला. आत्यानं तिकडं बघितलंच नाही.

"ह्ये असं," ती पाठमोरीच म्हणाली. "च्या ठिवायचा, आन् मालकांचं ध्यान न्हाय. गार झाला की मग टाकवत न्हाय, म्हून म्या प्यायची. सौंसार समदा गार च्या पिऊन काढला बग."

पुढचे तीन आठवडे मी आत्याच्याच गोठ्यात तळ दिला. विद्यालयाला सरांनी परस्पर काय सांगितलं ते सरांना ठाऊक. बारामतीहून मोठा हार्डबोर्ड आणला, एसटीच्या टपावर बांधून. कंडक्टरनं विचारलं, "दार हाय का खिडकी?" मी म्हणालो, "मामा आहेत." त्यानं तिकीट न फाडता माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

चित्रात मी तेच अंगण घेतलं. मधोमध मामा, पाठमोरे, मान वाकडी. चेहरा नाहीच, फक्त डावा कान दिसत होता. साऱ्या चित्रात पुराव्यानिशी काढलेली गोष्ट ती एकच. बाजूला लोकर गोळा करणारी आत्या, दारात वहिनी, आणि मामांच्या उजव्या हाताशी चहाचा पेला, वर साय धरलेला.

तात्या रोज तपासणीला यायचे. आठव्या दिवशी म्हणाले, "ही मेंढी पळून जानार."

"का?"

"पाय कुनी बांधलं तिचं? तुज्या बानं?"

खरंच. मेंढीचे पाय सुतळीनं बांधायचे मी विसरलो होतो. कातरताना पाय मोकळे सोडलेली मेंढी आणि दावं न लावलेला बैल, दोन्ही इथल्या डोळ्याला टोचतात. तात्यांच्या देखरेखीखाली मी सुतळी काढली. गाठसुद्धा त्यांनी दाखवली तशीच. त्या क्षणापासून चित्र तात्यांचं झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गाठ दाखवायचे. शेवटच्या दिवशी एक खरी मेंढी ओल्या रंगाला अंग घासून गेली, तिची लोकर तिथंच चिकटली. मी डोक्याला हात लावला. पण पाव्हणेमंडळींनी पुढं सगळ्यात जास्त वाखाणलं ते तेच: "लोकर बघा कशी काढलीय, हाताला लागती!" मी नम्रपणे मान खाली घातली. आजवर कुणाला बोललो नाही.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. मी बोर्डावर फडकं टाकून ठेवलं होतं. आत्यानं मला रंगवताना बघितलं होतं, पण पूर्ण झालेलं चित्र बघितलं नव्हतं. मीच बघू दिलं नव्हतं. कलाकाराचा थाट! आता अंगण माणसांनी भरलेलं, पाट मांडलेला, हार तयार, गंध उगाळलेलं. आत्या परत 'ह्यो कोन?' म्हणाली तर?

आतेभावानं फडकं काढलं.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. मग एक पाव्हणे आबा काठीवर रेलून पुढं आले. "आरं, ह्यो तोंड फिरवून का बसलाय? रुसलाय का?"

"फोटूला तोंड लागतंय," दुसरे म्हणाले. "गंध कुटं लावायचं?"

"कानाला लावा."

"कानाला कुनी गंध लावतंय व्हय? मग मेंढीला लावा!"

हशा झाला. तात्यांनी 'गाठ बघा, गाठ' म्हणून पाहिलं, पण त्यांचं कुणी ऐकेना. हार हातात घेतलेला आतेभाऊ चित्रासमोर उभा, आणि हार घालायचा कुणाला, हे त्याला समजेना. बारा बाय आठच्या साध्या फोटोइतकंही आपल्याला जमू नये? दीड महिना मिळाला होता, आणि ज्या बाईला तोंड हवं होतं, तिला मी पाठ काढून दिली होती.

आत्या गर्दीतून वाट काढत पुढं आली. मामांकडं बघितलं. मग खाली, त्यांच्या उजव्या हाताकडं बघितलं, तिथं थांबली, आणि तिच्या तोंडून एकदम निघालं,

"बगा! आजबी च्या गार केला."

ती हसली. हसता हसता डोळ्याला पदर लावला आणि तसाच लावून उभी राहिली. मी तिच्या शेजारीच होतो. पदराआडून मला म्हणाली, "दिसलं रं. तोंड दिसलं. मान वाकडी केली की व्हट असा दाबायचे. विसरलेच हुते."

ओठ मी काढलाच नव्हता.

मग डोळे पुसून ती पाव्हण्यांकडं वळली. "हार नको," म्हणाली. "कामात असलेल्या मानसाला कोन हार घालतंय? मेंढीच्या तोंडात जाईल." घरातून मामांचा लाल पटका आणून पाटावर ठेवला, हार त्याला घातला, गंधही त्यालाच लावलं, आणि सगळं यथासांग झालं. चित्र मात्र तिनं देवाच्या भिंतीला लावू दिलं नाही. चुलीसमोरच्या भिंतीला लावलं, तिला भाकरी थापता थापता दिसेल असं.

जेवणं उरकली. पाव्हणे पांगले. मी घोंगड्यावर आडवा होऊन, कुणी माझ्या रंगसंगतीबद्दल काही बोलेल का, याची वाट बघत होतो. कुणी बोललं नाही. आत्यानं नवा चहा टाकला, एक पेला भरला आणि चित्राखालच्या कोनाड्यात ठेवला. मग तूर पाखडायला बसली. बऱ्याच वेळानं उठली, पेल्याला बोट लावून बघितलं, मामांकडं एकदा डोळे वटारले, आणि तो गार झालेला चहा उभ्या उभ्याच पिऊन टाकला.